गवेनच्या ढालीवर चांदणी आहे की गाठ?

चिंचपेटी | रविवार, रात्री ११.०५

आमच्या वाचनकट्ट्यावर (पाच बायका, एक निवृत्त काका, चहा आळीपाळीने) गेले दोन महिने युरोपातल्या जुन्या वीरकथा चालू आहेत. नाइट, त्यांचे घोडे, त्यांच्या शपथा, जंगलात भेटणाऱ्या बायका. परवा 'सर गवेन अँड द ग्रीन नाइट' संपवलं आणि माझी गाडी एका ढालीवर अडकली आहे. कट्ट्यावर वेळ संपला, म्हणून इथे धागा काढतेय.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चौदाव्या शतकाच्या अखेरचं इंग्रजी काव्य, कवी अज्ञात, २५३० ओळी, हस्तलिखित जगात एकच. नववर्षाच्या दिवशी आर्थरच्या दरबारात नखशिखान्त हिरवा माणूस हिरव्या घोड्यावर बसून येतो आणि म्हणतो, माझ्या मानेवर कुऱ्हाडीचा एक घाव घाला, वर्षभराने मी त्याची फेड करीन. आर्थरचा एक सरदार गवेन उठतो, घाव घालतो. मुंडकं खाली पडतं. गडी शांतपणे ते केसांना धरून उचलतो आणि "ये बरं का ठरल्याप्रमाणे" असं मुंडक्याकडूनच वदवून निघून जातो. आता वर्ष सरत आलंय, गवेनला निघायचंय. त्याला चिलखत चढवतात आणि शेवटी ढाल आणतात.

इथे कवी थांबतो. म्हणतो, हे चिन्ह या सरदाराला का शोभतं ते मी सांगणार, मला उशीर झाला तरी सांगणार. आणि मग पन्नासेक ओळी तो फक्त ढालीबद्दल बोलतो! लाल ढाल, त्यावर शुद्ध सोन्याच्या रंगात पाच टोकांची आकृती. सॉलोमन राजाने ठरवलेलं सत्याचं चिन्ह. प्रत्येक रेघ दुसरीवरून जाते, दुसरीत अडकते, आणि कुठेच संपत नाही. मग पाचाचे पाच गट: गवेनची पाच इंद्रियं निर्दोष, पाच बोटं कधी न चुकणारी, श्रद्धा ख्रिस्ताच्या पाच जखमांवर, बळ मेरीच्या पाच आनंदांमधून, आणि शेवटी पाच गुण: औदार्य, सोबत्यांवरचं प्रेम, शुचिता, अदब, करुणा.

आता माझा प्रश्न. ही आकृती आपण सगळ्यांनी काढलेली आहे. शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर, हात न उचलता, पाच रेघांत काढतात ती चांदणी. माझी मुलगी दुसरीत आहे, तिच्या गृहपाठाच्या वहीत गणितापेक्षा चांदण्या जास्त आहेत. म्हणून मी वाचताना सरळ "तारा" असं वाचून पुढे गेले. काकांनी टोकलं. म्हणाले, "कवी तारा म्हणतोय का कुठे?" परत पाहिलं. चिन्ह म्हणतो, आकृती म्हणतो, पंचकोन अशा अर्थाचा शब्द वापरतो, आणि सांगतो की इंग्रज लोक हिला सगळीकडे "न संपणारी गाठ" म्हणतात. त्या अख्ख्या वर्णनात मला तारा सापडला नाही.

मग या कथांमध्ये ढालीवर, झेंड्यावर, आकाशात जे तारे येतात त्यांचं नक्की काय चाललेलं असतं? कुणी वाचलंय का या अंगाने?

(अवांतर: ती चांदणी काढताना पेन्सिल सुरुवातीच्या टोकाला नेमकी कधीच परत येत नाही. एक कोपरा उघडा राहतो किंवा रेघ पुढे जाते. लेकीला म्हटलं खोड आणि नीट कर, तर म्हणे "आई, सगळ्यांची अशीच येते.")

---

कोपरखळी | रविवार, रात्री ११.३१

पाच पंचे पंचवीस. कवी पाढा म्हणतोय ताई, तुम्ही उगाच आकाशात बघताय.

बाकी धागा झकास. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

बोरूबहाद्दर | सोमवार, सकाळी ७.१२

तुमच्या काकांना माझा नमस्कार सांगा. बरोब्बर जागी बोट ठेवलंय.

आणखी एक धक्का देतो. युरोपातल्या सरदारांच्या ढालींवर पाच टोकांचे "तारे" ढिगाने दिसतात. इंग्रजी कुलचिन्हांच्या भाषेत त्याला तारा म्हणतच नाहीत, 'मलेट' म्हणतात. फ्रेंच 'मोलेत'वरून आलेला शब्द. मोलेत म्हणजे घोड्याला टाच मारायला बुटाच्या मागे जो काटा बांधतात, त्याच्या टोकाचं दातेरी चक्र. म्हणून कित्येक ढालींवर त्या "ताऱ्याच्या" मधोमध गोल भोक असतं. चक्राचा आस जायला नको? खरा आकाशातला तारा दाखवायचा तर त्याला वेगळं नाव, 'एस्त्वाल', आणि त्याचे किरण नागमोडी काढायचे.

म्हणजे आपण लांबून बघून "अहाहा, तारा" म्हणतो आणि ते असतं पागेतलं लोखंड.

पण सामान बदललं म्हणून गोष्ट थांबत नाही. ऑक्सफर्डचे अर्ल, डी व्हीअर घराणं, यांच्या ढालीच्या एका चौकटीत असाच एक पांढरा मलेट आहे. घराण्यातली दंतकथा अशी की पहिल्या धर्मयुद्धात, १०९८ साली अँटिओकला, रात्र पडत असताना आकाशातून तारा उतरून या घराण्याच्या पूर्वजाच्या निशाणावर बसला आणि त्याच्या उजेडात लढाई जिंकली. कुलचिन्हांचे अभ्यासक म्हणतात, एका घराण्याची ढाल दुसऱ्यापेक्षा वेगळी दिसावी म्हणून टाकलेली ती साधी खूण. चक्राचा तारा झाला, ताऱ्याची गोष्ट झाली.

आणि त्या गोष्टीने पुढे माणसं मारली. १४ एप्रिल १४७१, ईस्टरचा रविवार, लंडनच्या उत्तरेला बार्नेट. इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या गुलाबांच्या युद्धातली लढाई. पहाटे दाट धुकं. ऑक्सफर्डच्या माणसांनी समोरची फळी मोडली, पळणाऱ्यांच्या मागे गावात गेले, लूटमार केली आणि धुक्यातून परत आपल्याच सैन्याकडे आले. त्यांच्या अंगावर खूण होती किरणांचा तारा. शत्रूची, म्हणजे राजा चौथ्या एडवर्डची खूण होती किरणांचा सूर्य. ऑक्सफर्डच्याच बाजूचा सेनापती वॉरिक, त्याच्या लोकांना धुक्यात किरण तेवढे दिसले. त्यांनी आपल्याच माणसांवर बाण सोडले. "दगा, दगा" अशी ओरड झाली, ऑक्सफर्डचे लोक पळाले, दिवस संपण्याआधी वॉरिक मेला.

आता यातली माझी आवडती तारीख. सर टॉमस मॅलरी, ज्याने आर्थरच्या सगळ्या कथा इंग्रजीत एकत्र बांधल्या आणि स्वतःला "कैदी सरदार" म्हणवून घेतलं, तो (बहुतेक अभ्यासक ज्याला तो मॅलरी मानतात तो) वारला १४ मार्च १४७१ ला. बार्नेटच्या बरोब्बर एक महिना आधी. आर्थरच्या शेवटच्या लढाईत सगळा घोळ कशाने होतो आठवतंय? तहाची बोलणी चालू असताना एक साप निघतो, एक सरदार त्याला मारायला तलवार उपसतो, दोन्ही सैन्यांना फक्त चकाकलेलं पातं दिसतं, आणि संपलं. चुकीच्या वेळी चुकीची वस्तू चमकली की काय होतं, हे लिहून म्हातारा गेला आणि महिन्याने ते तसंच घडलं.

---

सांजवारा | सोमवार, सकाळी ९.५०

बोरूकाका, तुमचा प्रतिसाद वाचून ऑफिसची बस चुकली. वाचनखूण साठवली आहे.

एक बाळबोध शंका: म्हणजे मॅलरीकडे किंवा आर्थरकथेत खराखुरा आकाशातला तारा नाहीच का?

---

बोरूबहाद्दर | सोमवार, सकाळी १०.२५

आहे की. मॅलरीच्या तीनेकशे वर्षं आधी, मॉनमथच्या जेफ्रीच्या इतिहासात, साधारण ११३६. (त्याला इतिहास म्हणायचं तर मग आपल्या आजीच्या सगळ्या गोष्टी इतिहासच.) आर्थरचा काका ऑरेलियस विंचेस्टरला विषाने मरतो, त्याच वेळी आकाशात प्रचंड तारा उगवतो. त्याला एक किरण, किरणाच्या टोकाला ड्रॅगनच्या आकाराचा आगीचा गोळा, आणि ड्रॅगनच्या तोंडातून आणखी दोन किरण, एक फ्रान्सच्या पलीकडे, दुसरा आयरिश समुद्राकडे. धूमकेतूच तो. राजाचा भाऊ उथर सैन्य घेऊन वेल्समध्ये आहे. तो घाबरतो आणि भविष्य जाणणाऱ्या मर्लिनला बोलावतो. मर्लिन आधी रडतो, मग सांगतो: भाऊ गेला, तारा आणि ड्रॅगन म्हणजे तू, एक किरण तुझा होणारा मुलगा, दुसरा मुलगी. उथर पुढे सोन्याचे दोन ड्रॅगन घडवून घेतो, एक विंचेस्टरच्या चर्चला देतो, एक लढाईत बरोबर ठेवतो. म्हणून तो उथर पेनड्रॅगन.

लक्षात घ्या, तारा उथरचा, पण उथरला तो वाचता येत नाही. रडायलाही मर्लिनच लागतो.

याच जेफ्रीने म्हाताऱ्या मर्लिनवर वेगळं काव्य लिहिलंय. त्यात मर्लिन बहिणीला सांगतो, मला जंगलात एक घर बांधून दे, सत्तर दारं आणि सत्तर खिडक्यांचं, म्हणजे रात्री तारे बघता येतील. आणि मी जे बोलेन ते उतरवून घ्यायला सत्तर लेखनिक.

---

कोपरखळी | सोमवार, सकाळी १०.४०

सत्तर दारं, सत्तर खिडक्या. सोसायटीच्या मेंटेनन्सचं काय?

---

निर्गुंडी | सोमवार, दुपारी २.१५

वा, चिंचपेटी, किती दिवसांनी असा धागा. माझं जर्मनचं शिक्षण इथे तरी उपयोगी पडू दे.

बोरूबहाद्दर यांच्या "उथरला वाचता येत नाही"ला धरून पुढे जाते, कारण ताऱ्यांच्या बाबतीत या सगळ्या साहित्याचा राजा म्हणजे वोल्फ्राम फॉन एशनबाखचा 'पार्त्सिफाल'. तेराव्या शतकाची पहिली काही वर्षं, जवळपास पंचवीस हजार ओळी. गवेनच्या दहापट!

नवव्या प्रकरणात पार्त्सिफाल गुड फ्रायडेच्या दिवशी जंगलातल्या एका संन्याशाकडे पोचतो. साडेचार वर्षं देवावर रुसून फिरतोय, ग्रेल नावाची पवित्र वस्तू शोधतोय, आणि ग्रेल म्हणजे काय हेच त्याला धड ठाऊक नाही. तिथे आपल्याला कळतं की ग्रेलचं नाव पहिल्यांदा वाचलं गेलं ते ताऱ्यांमध्ये. कुणी वाचलं? कुठल्या नाइटने नाही, ख्रिस्ती माणसानेसुद्धा नाही. फ्लेगेटानिस नावाच्या "काफर" पंडिताने. बाप मूर्तिपूजक, आईकडून सॉलोमनच्या वंशातला, प्रत्येक ताऱ्याचं मावळणं आणि परत उगवणं जाणणारा. देवदूतांचा एक थवा ती वस्तू पृथ्वीवर ठेवून ताऱ्यांच्याही वर उडून गेला, असं त्याने लिहून ठेवलं. ते लिखाण म्हणे टोलेडोमध्ये धूळ खात पडलेलं क्योट नावाच्या माणसाला सापडलं, आणि क्योटकडून आपल्या वोल्फ्रामला. हा क्योट खरा होता की वोल्फ्रामने थाप मारली यावर विद्वान अजून भांडतायत. मला विचाराल तर शुद्ध थाप, पण थाप मारायला त्याने टोलेडोच निवडलं हे बघा. बाराव्या शतकात अरबी ग्रंथ, त्यात खगोलाचेही, लॅटिनमध्ये उतरवण्याचं मोठं काम तिथेच चालू होतं. आकाश वाचायची विद्या कुठून येतेय हे जर्मन कवीला पक्कं माहीत आहे.

पुरावा हवा तर पंधराव्या प्रकरणात या. कुंद्री नावाची बाई येते. दिसायला भयंकर: डुकराचे सुळे, अस्वलाचे कान. पण भाषा येतात लॅटिन, फ्रेंच, अरबी. ती पार्त्सिफालला सांगते की तू ग्रेलचा राजा होणार, आणि सात ग्रहांची नावं घेते, तीही अरबीतून. वोल्फ्रामच्या कानाने ती जशी ऐकली तशी: झ्वाल, अल्मुस्त्री, अल्मारेत, साम्सी, अल्लिगाफिर, अल्कितेर, अल्कामेर. आता जरा मोठ्याने म्हणून बघा. साम्सी म्हणजे शम्स, सूर्य. अल्कामेर म्हणजे कमर, चंद्र. अल्मुस्त्री म्हणजे मुश्तरी, गुरू. ज्यांच्या घरात जुनी उर्दू गाणी वाजली आहेत त्यांना यातली निम्मी नावं कळतील. मी हे पहिल्यांदा वर्गात वाचलं तेव्हा जर्मन प्राध्यापकांआधी मला कळलं होतं, तो दिवस मी विसरणार नाही :)

आणि शनी! ग्रेलचा राजा अन्फोर्तास जखमी आहे, विषारी भाल्याने, नको त्या जागी. जखम मरूही देत नाही, बरीही होत नाही. पण शनी आपल्या ठरल्या जागी परत आला की दुखणं असह्य होतं, हाडात थंडी भरते, उन्हाळ्यात बर्फ पडतो. मग तोच भाला जखमेत परत खुपसतात, त्याच्या उष्णतेने थंडी बाहेर ओढली जावी म्हणून. काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं दुखणं अमावास्येला वाढायचं, त्यांना हा भाग वाचून दाखवला होता. म्हणाले, "यात काय नवीन आहे?"

---

कोपरखळी | सोमवार, दुपारी २.३२

म्हणजे अन्फोर्तासला साडेसाती. शनिवारी मारुतीला तेल घालायला सांगायचं की कुणीतरी.

---

आडवाटेचा | सोमवार, संध्याकाळी ६.०५

निर्गुंडी, दंडवत घ्या.

एक धागा जुळतोय का बघा: गवेनच्या ढालीवरचं चिन्ह सॉलोमनचं, फ्लेगेटानिस सॉलोमनच्या आईकडच्या... म्हणजे आईकडून सॉलोमनच्या वंशातला. दोन्हीकडे सॉलोमन, म्हणजे ज्यू आणि अरबी जगातला सुलेमान, जिन्नांना मुठीत ठेवणारा. त्याच्या अंगठीवरचा शिक्का कधी पाच टोकांचा, कधी सहा टोकांचा. मोरोक्कोच्या झेंड्यावर लाल रंगावर हिरव्या रेघांची पाच टोकांची आकृती आहे, तिलाही सुलेमानची मोहोर म्हणतात. ती भरीव चांदणी नाही, एकमेकींवरून जाणाऱ्या रेघांची आहे. गवेनची ढाल मला तशीच दिसते, फक्त सोनेरी.

दुसरं. "शूर सरदारांचा तारा" म्हटलं की मला फ्रान्सचा राजा दुसरा जाँ आठवतो. इंग्लंडच्या तिसऱ्या एडवर्डने सरदारांचं गार्टरचं (म्हणजे पायाला बांधायच्या पट्ट्याचं) मंडळ काढलं, ते बघून याने 'ताऱ्याचं मंडळ' काढलं. पहिली मेजवानी ६ जानेवारी १३५२, पॅरिसजवळ सेंत-वाँ इथे. तारीख मुद्दाम निवडलेली, तीन राजे ताऱ्यामागून बेथलेहेमला पोचले तो सण. बोधवाक्याचा अर्थ: तारे राजांना वाट दाखवतात. सरदारांची शपथ अशी की लढाईत ठरावीक अंतरापेक्षा जास्त मागे हटायचं नाही, चार आर्पां, म्हणजे थोडंसंच. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्रिटनीत मोरोंची लढाई झाली. शपथ पाळली. ताऱ्याचे ऐंशीहून जास्त सरदार एका दिवसात मेले. १३५६ ला प्वातिएला राजा स्वतः इंग्रजांच्या हाती लागला आणि मंडळ जवळजवळ संपलं.

हे कथेबाहेरचं आहे, पण कथा वाचूनच केलेलं आहे. आर्थरच्या गोलमेजाच्या गोष्टी वाचलेले राजे हे.

---

चिंचपेटी | सोमवार, रात्री १०.४८

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आडवाटेचा, गार्टरचं नाव काढलंत म्हणून: गवेनच्या हस्तलिखितात काव्य संपल्यावर खाली गार्टर मंडळाचं बोधवाक्य लिहिलेलं आहे ना? मग एका बाजूला ताऱ्याचं मंडळ, दुसऱ्या बाजूला पट्ट्याचं मंडळ, आणि काव्यात गवेन ढालीवरच्या ताऱ्याकडून पुढे मिळणाऱ्या हिरव्या पट्ट्याकडे जातो... मी फार ताणतेय का?

---

बोरूबहाद्दर | सोमवार, रात्री ११.१०

ताणताय. बोधवाक्य आहे हे खरं, पण गार्टर निळा, गवेनचा पट्टा हिरवा, आणि ते वाक्य मागाहून कुणी लिहिलं असण्याचीही शक्यता आहे. शिवाय काल तुम्हीच म्हणालात की तो तारा नाही! पण पट्ट्याकडे जाण्याचं जे म्हणताय ते सोडू नका.

---

तिकांडं | मंगळवार, पहाटे ५.२०

नेहमी वाचनमात्र असतो, आज लिहितो. शेतकरी माणूस, चुकलं तर सांभाळून घ्या.

वर मर्लिन झाला, काफर पंडित झाला, सुळेवाली बाई झाली. ताऱ्यांकडे बघणारा खरा माणूस कुणी सांगितलाच नाही, तो म्हणजे सांचो पांझा, वीरकथा वाचून सरदार व्हायला निघालेल्या म्हाताऱ्या डॉन किहोतेचा चाकर. 'डॉन किहोते' हे पुस्तक आमच्या तालुक्याच्या वाचनालयात इंग्रजीत होतं, दोन पावसाळे लागले वाचायला.

पहिल्या प्रकरणातच गंमत आहे. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं कशाने, तर वीरकथांमधल्या वाक्यांनी. लेखक नमुना देतो. मराठीत साधारण असं होईल: तुमच्या दैवीपणाला ताऱ्यांसह दैवी रीतीने बळ देणारं ते उच्च आकाश, जे तुम्हाला तुमच्या थोरवीला योग्य अशा योग्यतेस योग्य करतं. हे वाचून तो रात्ररात्र जागायचा, अर्थ लावायला. लेखक म्हणतो, त्यासाठीच ॲरिस्टॉटल परत जिवंत झाला असता तरी त्याला अर्थ लागला नसता. म्हणजे वीरकथांमधला तारा १६०५ साली असा नुसता अलंकार होऊन बसला होता.

आता विसावं प्रकरण. काळीकुट्ट रात्र, दोघं जंगलात, कुठून तरी धाड धाड असा भयंकर आवाज येतोय. मालकाला आत्ताच जाऊन लढायचंय. सांचोची फाटली आहे. तो म्हणतो, पहाटेपर्यंत थांबा, मी मेंढपाळ होतो तेव्हा शिकलोय, तुतारीचं तोंड डोक्यावर आलंय, पहाटेला तीन तास पण नाहीत. (तुतारी म्हणजे आपला ध्रुवमत्स्य. तिकडचे मेंढपाळ त्याच्या फिरण्यावरून रात्रीचे तास मोजत.) मालक विचारतो, अरे आकाशात एक तारा दिसत नाही, तुला तुतारीचं तोंड कुठून दिसलं? सांचो म्हणतो, भीतीला डोळे फार असतात, तिला जमिनीखालचं दिसतं, मग आभाळातलं का नाही दिसणार.

आणि तेवढ्यात त्याने गुपचूप गाढवाच्या दाव्याने मालकाच्या घोड्याचे पाय बांधलेले असतात! घोडा हलेना. मालकाला वाटतं, जादू झाली. सकाळी बघतात तर आवाज कापड कुटायच्या पाणचक्कीतल्या सहा लाकडी हातोड्यांचा.

पुढे दुसऱ्या भागात (१६१५) डॉन किहोते एका पोराला ऐटीत सांगतो की फिरत्या सरदाराला ताऱ्यांची विद्या यायलाच हवी, रात्र किती सरली आणि आपण जगाच्या कुठल्या भागात आहोत हे कळायला. येत कुणाला होती ते आपण बघितलं.

आमचे आजोबा रात्री पाण्याची पाळी तिकांड्यावरून धरायचे. मृगातले तीन तारे, त्याला आमच्याकडे तिकांडं म्हणतात. सप्तर्षी नाही म्हणायचे, बाज म्हणायचे, म्हातारीची बाज आणि मागे तीन चोर. पावसाळ्यात आभाळ भरलेलं असलं तरी आजोबा वेळ सांगायचे. आता कळतं, ते पण सांचोच.

---

निर्गुंडी | मंगळवार, सकाळी ८.०२

तिकांडं, तुम्ही वाचनमात्र का राहता हो? गुन्हा आहे हा.

आणि कृत्तिका विसरलात! लाकडी घोडा!

---

तिकांडं | मंगळवार, दुपारी १.१५

विसरलो नाही ताई, मोटर बंद करायला गेलो होतो.

दुसऱ्या भागाचं एकेचाळिसावं प्रकरण. उमरावाच्या वाड्यात दोघांचे डोळे बांधून लाकडी घोड्यावर बसवतात, भात्याने वारा घालतात, कानाशी जळता बोळा नेतात आणि सांगतात की तुम्ही आकाशात उडताय. उतरल्यावर सांचो फेकायला लागतो. पट्टी जरा सरकवून खाली बघितलं तर पृथ्वी मोहरीएवढी आणि वर चालणारी माणसं हेझलनटएवढी. (उमरावाची बायको लगेच पकडते: मग एका माणसाने सगळी पृथ्वी झाकली असेल!) मग म्हणतो, आम्ही सात शेळ्यांपाशी पोचलो. स्पॅनिश लोक कृत्तिकांना सात शेळ्या म्हणतात. लहानपणी शेळ्या राखल्यात, राहवेना, मालकाला न सांगता उतरलो आणि पाऊण तास त्यांच्याशी खेळलो. दोन हिरव्या, दोन लाल, दोन निळ्या आणि एक मिश्र रंगाची.

मला हा सगळ्या पुस्तकातला लाडका भाग. म्हाताऱ्याने आयुष्यभर तारे वाचले ते पुस्तकात. हा पठ्ठ्या जाऊन त्यांना चारा घालून आला.

शेवटी डॉन किहोते त्याच्या कानात सांगतो: तू आभाळात जे बघितलंस ते मी मानावं असं वाटत असेल, तर मी गुहेत जे बघितलं ते तू मान. जास्त बोलत नाही.

---

सांजवारा | मंगळवार, दुपारी १.४०

मिश्र रंगाची शेळी :))) ऑफिसात हसले जोरात.

मला तर कृत्तिका सहाच दिसतात. सातवी बहुतेक सांचोसोबत गेली.

---

आडवाटेचा | मंगळवार, संध्याकाळी ७.३०

एक गोष्ट आता स्पष्ट दिसतेय, चिंचपेटी. उथरला मर्लिन लागतो, पार्त्सिफालला संन्यासी आणि कुंद्री लागतात, डॉन किहोतेला सांचो लागतो. सरदाराच्या डोक्यावर तारा असतो, पण तो वाचणारा कायम दुसरा कुणीतरी: बाई, परधर्मी, म्हातारा, मेंढपाळ. एकटा गवेन असा की ज्याच्या ढालीचा अर्थ सांगायला कथेत कुणीच येत नाही. कवीलाच थांबून, उशीर करून, सांगावा लागतो. गवेनला स्वतःला तो अर्थ माहीत होता का?

---

चिंचपेटी | मंगळवार, रात्री ११.२२

हाच प्रश्न घेऊन आज परत बसले आणि शेवटापर्यंत वाचलं. इथून पुढे कथेचा शेवट फुटतो, ज्यांना वाचायचंय त्यांनी थांबा.

ढालीचं एवढं कौतुक झाल्यावर गवेन निघतो, आणि त्यानंतर त्या पाच टोकांच्या आकृतीचं नाव परत येतच नाही. वाटेत गारा, गोठलेले झरे, चिलखत घालून उघड्या खडकांवर झोपणं. मग गढी, गढीची मालकीण, आणि तीन दिवसांचा तो खेळ. शेवटच्या दिवशी ती त्याला हिरवा रेशमी पट्टा देते: हा बांधलास तर तुला कुणी मारू शकणार नाही. यजमानाशी त्याचा करार असतो की दिवसभरात मिळालं ते संध्याकाळी देऊन टाकायचं. चुंबनं देतो बिचारा, पट्टा लपवतो. जीव प्यारा, दुसरं काय. पंचवीस गुणांमध्ये हा एक बसला नाही.

हिरवा नाइट त्याच्या मानेवर कुऱ्हाड तीनदा उगारतो, तिसऱ्यांदा फक्त एक ओरखडा काढतो. पट्ट्यापुरता. सगळं त्याला ठाऊक असतं, यजमान तोच.

आता बोरूकाका, तुम्ही सोडू नका म्हणालात ते. गवेन घरी येतो तेव्हा मानेवरची जखम भरलेली आहे आणि तो पट्टा खांद्यावरून तिरका घेतलेला आहे. डाव्या हाताखाली बांधलेला. कशाने? गाठीने. कवी तोच शब्द वापरतो! ढालीवर न संपणारी गाठ, अंगावर दोन टोकांची, हाताने मारलेली साधी गाठ. गवेन शरमेने लाल होऊन म्हणतो, हे माझ्या चुकीचं चिन्ह, मरेपर्यंत घालीन. दरबार हसतो आणि प्रेमाने ठरवतो की आपण सगळेच असा हिरवा पट्टा घालू. त्यांनाही अर्थ कळलेला नाही. पण या गाठीचा अर्थ सांगायला कवी थांबत नाही, या वेळी तो गवेन स्वतः सांगतो.

म्हणून काकांना उद्या सांगणार आहे की तुमचंच खरं, तारा नाही, गाठ आहे. पण लेकीच्या वहीतल्या उघड्या कोपऱ्याबद्दलही सांगणार आहे.

---

बोरूबहाद्दर | बुधवार, सकाळी ६.५५

परवा ताणताय म्हणालो ते मागे घेतो. गार्टरपुरतं ठेवतो.

---

तिकांडं | बुधवार, रात्री ८.१०

आज सुतळी घेऊन ओसरीवर करून बघितली, ती गवेनची चांदणी. फळीवर पाच खिळे ठोकले. एकदा वरून, एकदा खालून, असं विणत गेलं तर पाचही ठिकाणी बरोबर बसते, गादीसारखी सपाट. नातू म्हणाला खिळे काढ, काढले, तरी थोडा वेळ आकार धरून राहिली.

पण सुतळीची दोन टोकं उरतातच. ती एकमेकांना बांधली तर मग ओढली तरी सुटत नाही, कापावीच लागेल. बांधली. गाठ खालच्या बाजूला फिरवून ठेवलीय, वरून दिसत नाही.